एका वर्षात दोन वसंत!

चेन्नईच्या गिंडी मैदानावर १७७७ पासून घोडे धावले. सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने ती जागा ताब्यात घेतली. पण तिथे धावलेल्या थरोब्रेड घोड्यांची एक गंमत ठाऊक आहे? भारतात त्या सर्वांचा वाढदिवस एकच, १ जानेवारी! शिंगरू फेब्रुवारीत जन्मो वा मे महिन्यात, वय सारखेच धरतात. उशिरा जन्मलेले शिंगरू मग मोठ्यांशी झुंजते.

घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते. म्हणून उत्तर गोलार्धात नराला काम फेब्रुवारी ते जून, पुढे विश्रांती.

दक्षिण गोलार्धात मात्र वसंत सप्टेंबरात येतो आणि ऑस्ट्रेलियात वाढदिवस १ ऑगस्टला! मग बीजच का पाठवू नये? थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मनाई आहे. त्यामुळे स्वारी स्वतःच विमानाने निघते. डेनहिल हा नर १९९० पासून आयर्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाऊ लागला. तिथे तो नऊ वेळा अव्वल जनक ठरला. २००३ मध्ये तो वारला, तोवर त्याची शिंगरे दोन हजारांवर गेली होती.

यातच धोकाही आहे. एकाच नराचे रक्त दोन्ही गोलार्धांत पसरले, की नात्याबाहेरचे स्थळ मिळणे अवघड होते. म्हणूनच घोडा घेताना जाणकार आधी पाय पाहतो, मग पणजोबा विचारतो!