लाकडाने गप्प बसावं

मर्फी रेडिओ जन्माने इंग्रज. फ्रँक मर्फी आणि टेड पॉवर यांनी १९२९ साली वेल्विन गार्डन सिटीत ती कंपनी काढली. आपल्याकडे वाजलेल्या मर्फीचा कारखाना मात्र ठाण्यात होता. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली आणि माळे रिकामे होऊ लागले, की भंगारवाल्याच्या हातगाडीवर पॉलिश केलेली लाकडी पेटी हमखास दिसते. कधी तो व्हॉल्व्हचा रेडिओ असतो, कधी ऐंशीच्या दशकातल्या स्टिरिओची स्पीकरजोडी. ती उचलून घरी आणणारे, कोन बदलून, पॉलिश मारून पुन्हा वाजवणारे हौशी लोक आता भेटू लागलेत. त्यांच्यातल्या बहुतेकांचं एका गोष्टीवर एकमत असतं: ‘जुनं सागवान आहे, आवाज गोड येणारच!’

घोळ इथूनच सुरू होतो. तंबोऱ्याची तबली नादासाठीच तासलेली असते, तिने बोलायचंच असतं. स्पीकरच्या पेटीचं काम नेमकं उलटं. तिने गप्प बसायचं.

कारण साधं आहे. कागदाचा कोन, त्याला चिकटलेली तांब्याच्या तारेची कॉइल आणि चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे होणारी तिची हालचाल, ही रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली आणि अजून तीच चालू आहे. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे एकाच कोनातून दोन विरुद्ध लहरी निघतात. ४० हर्ट्झच्या खर्जाची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते, ती वितभर फळीला सहज वळसा घालून समोरच्या लहरीला गाठते आणि दोघी एकमेकींना मारून टाकतात. मागच्या लहरीला कोंडून ठेवायला पेटी लागते. तिच्या भिंतीच थरथरू लागल्या, तर गाण्यात नसलेला एक आवाज त्यात मिसळतो.

जुन्या रेडिओची पाठ मात्र भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची, जवळपास उघडीच. म्हणून त्यातून माणसाचा आवाज स्वच्छ येतो आणि ढोलकीचा खर्ज हरवतो. तो परत मिळवण्यासाठी काहीजण पाठीवर प्लायवूड ठोकतात. आवाज घुमतो आणि आत व्हॉल्व्ह तापत राहतात ते वेगळंच. रेडिओच्या पाठीला हात लावू नये. शिवाय काही जुन्या एसी-डीसी संचांमध्ये चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट विजेच्या तारेला जोडलेली असते आणि आतले कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ दोनशेच्या वर व्होल्ट धरून राहू शकतात. ते काम जाणकाराकडेच द्यावं.

स्पीकरजोडीचं दुखणं निराळं. पेटी ठाकठीक, जाळी शाबूत, आणि बोट लावलं की कोनाच्या कडेची फोमची रिंग काळ्या चिकट भुग्यासारखी हातात येते. गंमत अशी, की पन्नासच्या दशकातल्या रेडिओतला कोन अजून धडधाकट असतो, कारण त्याची कड कोनाच्याच कागदाला घड्या पाडून केलेली असते. त्याच्यापेक्षा तीस वर्षांनी तरुण असलेला फोम मरतो. हा फोम बहुधा पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा. त्याच्या रेणूंतले एस्टरचे दुवे हवेतल्या पाण्याने तुटतात, तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगाने करतं. आपल्याकडे खाडी, उल्हास नदी आणि चार महिन्यांचा पाऊस. स्पीकर न वाजवता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तरी ही रासायनिक क्रिया काही थांबत नाही.

नवी रिंग लावणं हे घरी जमणारं काम आहे, पण घाईचं नाही. जुना भुगा खरवडायचा, मधली टोपी ब्लेडने अलगद सोडवायची, कॉइल आणि मधला लोखंडी खांब यांच्या फटीत कागदाच्या तीन-चार पट्ट्या सारायच्या. त्यांच्यामुळे कॉइल बरोबर मध्यावर बसते. मग वाळल्यावरही लवचिक राहणारा गोंद लावून रात्रभर हात लावायचा नाही. पट्ट्या काढल्यावर कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून पाहायचा. खरखर ऐकू आली की मिस्त्री म्हणतात, ‘कॉइल घासतेय’, आणि मग सगळं परत सोडवावं लागतं. हे करायचं नसेल तर दुकानात द्यावं, फक्त गणपतीच्या तोंडावर जाऊ नये. तेव्हा सगळे मांडववाल्यांचे कोन बदलण्यात गुंतलेले असतात.

खरी चूक होते ती पुढच्या पायरीवर. जुना आठ इंची स्पीकर काढून त्याच मापाचा ‘जास्त वॉटचा’ नवा बसवला जातो. भोक जुळतं, स्क्रू जुळतात, आणि खर्ज गायब! कारण बंद पेटीतली हवा ही स्प्रिंग असते. पेटी जितकी लहान, तितकी स्प्रिंग कडक. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली एआर-१ या स्पीकरमध्ये हाच हवेचा ताठरपणा मुद्दाम कामाला लावला आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित बसवलं.

समजा, नव्या स्पीकरची नैसर्गिक कंपनसंख्या ४० हर्ट्झ आहे आणि त्याच्या कोनाच्या बैठकीइतकाच ताठरपणा ६० लिटर हवेत असतो. तुमची पेटी २० लिटरची. ६० भागिले २० म्हणजे ३, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा: २. आता ४० ची कंपनसंख्या ८० झाली. तबल्याच्या डग्ग्याचा तळ गेला. पेटीत पॉलिएस्टरचा कापूस भरला की हवेचं तापणं-निवणं मंदावतं आणि पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते, पण थोडीच. वीस लिटरचे साठ होत नाहीत. स्पीकर विकत घेताना वॉट विचारण्याऐवजी हे आकडे विचारावेत. ते मिळत नसतील तर जुन्याच स्पीकरचा कोन बदलून घेतलेला बरा.

ट्विटरकडे, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरकडे, जाणारा कॅपॅसिटर मात्र डोळे झाकून बदलावा. आठ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर साधारण ४२०० हर्ट्झच्या खालचा आवाज अडवतो. जुना इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकत गेला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. दोन ओहम जरी वाढला तरी झांजांची चमक जवळपास दोन डेसिबलने उतरते. लोक त्यालाच ‘जुन्याचा मऊ आवाज’ म्हणतात! जाळीचं कापड बदलताना सोफ्याचं जाड कापड टाळावं. तोंडाशी धरून फुंकर मारावी, पलीकडे हाताला वारा लागला तर ते चालेल. दोन्ही स्पीकर जोडण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघावा. धन बाजू धनला लावल्यावर दोन्ही कोन एकाच दिशेला सरकले पाहिजेत, नाहीतर दोघे मिळून खर्ज खातील.

आता लाकडाचं. पेटीच्या बाजूवर बोटाच्या पेराने ठोकावं. ‘ठक’ असं कोरडं उत्तर आलं तर हात लावायचा नाही. लांबत जाणारा ‘ठण्ण’ आला तर आतून दोन समोरासमोरच्या भिंतींना जोडणारी एक लाकडी पट्टी आडवी बसवावी, बरोबर मध्यावर नको, जरा बाजूला. पार्टिकल बोर्डची पेटी पाण्यात भिजून कोपऱ्यांत फुगली असेल, तर ती सोडून द्यावी. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-बदलापूरकडे तळमजल्यांवरच्या लाकडी सामानाची काय गत झाली, ते तिथल्या लोकांना सांगायला नको. फुगलेला भुसा पुन्हा बसत नाही. आणि पट्टी बसवल्यावर आवाज ‘पातळ’ झाल्याची तक्रार घरातले करतीलच. त्यांना आवडणारी ती ऊब म्हणजे थरथरती भिंत होती. त्यांच्यासाठी पट्टी काढायची की ठेवायची, हा विज्ञानाचा प्रश्न नाही. मी ठेवतो.

यानंतरही खर्ज एका जागी घुमतो आणि दोन पावलांवर नाहीसा होतो, तेव्हा दोष पेटीचा नसतो. डोंबिवलीची खोली बहुतेक दहा बाय दहा. समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटर अंतर असलं की ५६-५७ हर्ट्झला लहर अडकून उभी राहते. लांबी-रुंदी सारखी, छतही जवळपास तेवढंच, म्हणून तिन्ही दिशांच्या लहरी एकाच सुरावर चढतात. स्पीकर कोपऱ्यात कोंबला तर त्यांना आणखी जोर येतो. तो कोपऱ्यातून हातभर पुढे ओढावा, ऐकणाऱ्याची खुर्ची खोलीच्या मध्यावरून हलवावी, आणि जागाच नसेल तर कपड्यांनी भरलेलं कपाट खोलीकडे थोडं उघडं ठेवून पाहावं. मधल्या सुरांचा गोंगाट तेवढ्यानेही कमी होतो. ५६ हर्ट्झवर मात्र कपड्यांची मात्रा चालत नाही, तिथे खुर्चीच सरकवावी लागते.