देशांत धंदे किती, आणि केवढे?

मनुष्यांची शिरगणती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. गणक दारीं येतो, घरांतील माणसांचीं नांवें, वयें, शिक्षण लिहून घेतो, हें लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु देशांतील धंद्यांचीहि अशीच घरोघर हिंडून मोजदाद होते, याची जाणीव पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांस नसते. मलाहि ती २०१३ सालापर्यंत नव्हती.

त्या सालीं एका दुपारीं एक तरुण बाई कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्या दारांत आल्या. “आर्थिक गणनेसाठीं आलें आहें. या घरांत कांहीं धंदा-व्यवसाय चालतो का?” असें त्यांनीं विचारलें. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. मान वर न करतांच मी म्हणालों, “नाहीं बाई, आमचें मास्तरकीचें घर. येथें धंदा कसला?” त्यांनीं कागदावर खूण केली आणि पाणी पिऊन त्या पुढच्या घरीं गेल्या. त्याच वेळीं आंतून भाजणी भाजल्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. त्या वासाचा या विषयाशीं काय संबंध, तें पुढें येईलच. आधीं ही गणना म्हणजे काय तें पाहूं.

धंदे मोजण्याची कल्पना परकी नव्हे. कौटिल्याचें अर्थशास्त्र मैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत ‘गोप’ नांवाच्या अधिकाऱ्याचीं कर्तव्यें दिलीं आहेत. पांच किंवा दहा गांवें त्याच्याकडे असावींत; त्यानें घरें मोजावींत; शेतकरी किती, गुराखी किती, व्यापारी, कारागीर, मजूर व दास किती, हें लिहून ठेवावें; इतकेंच नव्हे तर घरांचा आय आणि व्यय हाहि नोंदावा. ही नोंद खरी कीं खोटी हें पडताळण्यास गृहस्थाच्या वेषांत हेर पाठवावे, असेंहि तेथें सांगितलें आहे. अलीकडच्या काळांत पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेची १९३० मध्यें स्थापना झाल्यावर प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं पुणें शहराची पाहणी झाली, व तिचा आर्थिक भाग १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. साऱ्या देशाची पहिली आर्थिक गणना मात्र १९७७ सालीं झाली. त्यानंतर १९८०, १९९०, १९९८ व २००५ या सालीं आणि सहाव्यांदा २०१३–१४ मध्यें ती झाली. सातवीचें काम २०१९ मध्यें सुरू झालें. आमच्या दारीं आलेल्या बाई सहाव्या गणनेच्या. म्हणून तिचेच आंकडे घेऊं.

या गणनेंत ‘धंदा’ कशास म्हणतात, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. एका जागीं चालणारें असें काम, कीं ज्यांतून निघालेली वस्तु अथवा सेवा, निदान अंशतः, दुसऱ्यास विकली जाते, तो धंदा. दुकानावर पाटी असलीच पाहिजे असें नाहीं, भांडवल अमुकच हवें असें नाहीं, पगारी नोकर हवा असेंहि नाहीं. घरच्यापुरते पापड लाटणें हा धंदा नव्हे. त्यांतले चार शेर शेजारणीस नित्य विकत दिले, कीं तो धंदा झाला. शेती, म्हणजे पीक काढणें, आणि सरकारी कारभार व संरक्षण हीं मात्र या मोजणींतून वगळलीं होतीं. तसेंच, एका बँकेच्या पन्नास शाखा असतील तर त्या पन्नास जागा निरनिराळ्या मोजल्या जातात. मालक एक असला तरी आंकडा पन्नासच.

या व्याख्येनें मोजतां देशांत ५ कोटी ८५ लक्ष धंदे निघाले. २००५ सालीं ते सुमारें ४ कोटी १३ लक्ष होते. ५ कोटी ८५ लक्षांपैकीं ३ कोटी ४८ लक्ष खेड्यांत व २ कोटी ३७ लक्ष शहरांत होते. ‘धंदा म्हणजे शहर’ अशी आपली जी समजूत आहे, ती येथेंच ढांसळते. राज्यांत उत्तर प्रदेशाचा क्रम पहिला आणि सुमारें ६१ लक्ष धंद्यांचा महाराष्ट्र दुसरा लागला. या सर्व धंद्यांत मिळून १३ कोटी १३ लक्ष माणसें काम करीत होतीं. भागाकार केला तर एका धंद्यामागें सव्वादोन माणसें येतात. शंभरांतील सुमारें बहात्तर धंद्यांत एकहि नियमित पगारी माणूस नव्हता; मालक आणि त्याच्या घरचीं माणसें, एवढाच व्याप.

येथें सरासरीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण शाळेंत सरासरी काढावयास शिकविली जाते, पण तिच्यापासून सावध राहण्यास शिकविलें जात नाहीं. एका गल्लीत नऊ दुकानें आहेत, प्रत्येकांत एकच माणूस. आणि दहावा एक कारखाना आहे, त्यांत एक्याण्णव माणसें. एकंदर शंभर माणसें, दहा धंदे, सरासरी दहा. परंतु दहा माणसांचा धंदा त्या गल्लीत एकहि नाहीं! देशाचें चित्र याच जातीचें आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याखालीं वीज वापरणाऱ्या कारखान्यास १० व न वापरणाऱ्यास २० कामगार ही किमान मर्यादा होती. अशा नोंदलेल्या कारखान्यांच्या २०२२–२३ च्या पाहणींत त्यांची संख्या सुमारें अडीच लक्ष व त्यांतील माणसें १ कोटी ८४ लक्ष भरलीं. म्हणजे एका कारखान्यांत सत्तरांहून अधिक. उलट शेतीबाहेरील लहान, कंपनी म्हणून न नोंदलेल्या धंद्यांची २०२३–२४ ची पाहणी घ्या: धंदे ७ कोटी ३४ लक्ष, माणसें १२ कोटी ६ लक्ष; एका धंद्यांत दोन माणसेंहि भरत नाहींत. एकीकडे वडाचीं मोजकीं झाडें, दुसरीकडे अमर्याद दूर्वा, आणि मधल्या उंचीचीं झुडपें विरळ.

मधली ही उणीव दुसऱ्या रीतीनेंहि दिसते. धंद्याचा आकार माणसांवरून मोजतां येतो, तसाच पैशावरूनहि. सरकार सूक्ष्म, लघु व मध्यम असे तीन वर्ग पैशावरून पाडतें. २०१५–१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत ६ कोटी ३४ लक्ष धंदे आढळले; त्यांतील ६ कोटी ३० लक्षांहून अधिक सूक्ष्म, ३ लक्ष ३१ हजार लघु, आणि मध्यम केवळ ५ हजार! दोनशें धंद्यांत एकच काय तो सूक्ष्माच्या वर चढलेला. या वर्गांच्या सीमाहि स्थिर नसतात. २०२० च्या जुलैपासून १ कोटी रुपये गुंतवणूक व ५ कोटी उलाढाल येथपर्यंत धंदा सूक्ष्म गणला जाई; १ एप्रिल २०२५ पासून त्या मर्यादा अडीच कोटी व दहा कोटी झाल्या. कालचा लघु धंदा एकहि माणूस न घटतां आज सूक्ष्म झाला असेल. म्हणून ‘सूक्ष्म धंदे वाढले’ असें कोणी सांगितलें, तर धंदे वाढले कीं व्याख्या वाढली, हें आधीं विचारावें.

आतां या लेखाचा मुख्य मुद्दा. वर दोन प्रकारचे आंकडे आले आहेत. एक घरोघर जाऊन केलेल्या संपूर्ण गणनेचे. दुसरे नमुन्याच्या पाहणीचे. नमुन्याची पाहणी म्हणजे आपला स्थालीपुलाकन्याय, शितावरून भाताची परीक्षा. मात्र शीत कोणतें उचलावें हें गणितानें ठरवावें लागतें. हें शास्त्र आपल्या देशांत प्रशांतचंद्र महालनवीस यांनीं रुजविलें. १९३१ सालीं त्यांनीं कलकत्त्यास सांख्यिकी संस्था स्थापिली, आणि १९५० मध्यें राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. कोणासहि वाटेल कीं सबंध भात चिवडून पाहणारी गणना अधिक पूर्ण असावी. पण सहाव्या गणनेंत शेतीसंबद्ध धंदे वगळतां ४ कोटी ५४ लक्ष धंदे सांपडले, आणि दोनच वर्षांनीं नमुना पाहणीनें ६ कोटी ३४ लक्ष दाखविले. एक कोटी ऐंशी लक्षांचें अंतर! कांहीं अंतर व्याख्यांचें, कांहीं काळाचें. परंतु घरांत चालणारे लहान धंदे घाईच्या गणनेंत निसटतात, हें त्याचें एक मोठें कारण जाणकार सांगतात. नमुना पाहणींत घरें थोडीं असतात, म्हणून पाहणारा बसून दहा प्रश्न विचारूं शकतो. गणनेंतील गणकास शेंकडों दारें गांठावयाचीं असतात. दारांत उभा असलेला पुरुष ‘नाहीं’ म्हणाला कीं तो पुढें जातो.

दारांत उभा असलेला तो पुरुष मीच होतों. त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर माझ्या वहिनी ओसरीवर आल्या. माझे थोरले बंधु वारल्यापासून त्या भाजणी, मेतकूट, सांडगे व दिवाळींत फराळाचे जिन्नस करून देत असत, आणि धाकटी सून त्यांच्या हाताखालीं असे. त्या शांतपणें म्हणाल्या, “भावोजी, त्या मुलीला तुम्ही धंदा नाहीं म्हणून सांगितलेंत. मग सतरा वर्षें मी शेगडीपाशीं काय करतें आहें?” मला उत्तर सुचेना. त्यांनीं आपली वही पुढें ठेवली. गिऱ्हाइकांचीं नांवें, डाळीचे भाव, येणें, देणें, सर्व स्वच्छ अक्षरांत. त्या वर्षाची शिल्लक माझ्या चार महिन्यांच्या वेतनाएवढी होती. आणि पुतण्याचें शिक्षण तिच्यावरच झालें होतें, हें मला ठाऊक असूनहि मीं कधीं मनाशीं मांडलें नव्हतें. घरचा जमाखर्च मी नियमानें लिहितों. त्यांत ही रक्कम वर्षानुवर्षें कोणत्या नांवानें जमा आहे, तें मीं उघडून पाहिलें. ‘किरकोळ.’

दुसऱ्या दिवशीं मीं त्या गणक बाईंना गल्लीभर शोधलें. त्यांचें त्या भागांतील काम संपलें होतें. ५ कोटी ८५ लक्षांत आमचें घर नाहीं. आमच्याकडे काम करणाऱ्या दोघीजणी, म्हणजे जवळजवळ देशाच्या सरासरीइतका तो धंदा. आणि तोच मीं देशाच्या हिशेबांतून पुसून टाकला. त्या गणनेंत स्त्रियांच्या मालकीचे धंदे सुमारें ८० लक्ष, म्हणजे शंभरांत चौदाहि भरले नाहींत. त्या आंकड्यास माझ्यासारख्या किती ओसऱ्यांवरच्या ‘नाहीं’नें कात्री लावली असेल, याचा विचार मनांतून जात नाहीं. पुढील काळच्या पाहण्यांत एकमालकी धंद्यांपैकीं स्त्रियांचे धंदे २०२२–२३ मध्यें शेंकडा सुमारें २३ व २०२३–२४ मध्यें २६ आढळले. विचारण्याची रीत निराळी असल्यामुळें हे आंकडे गणनेच्या आंकड्याशीं लावून वाढ मोजूं नये. पण नीट विचारलें असतां अधिक दिसतें, एवढें खास.

कोणी म्हणेल, एका घराची भाजणी मोजली न मोजली, देशाचें काय अडलें? अडतें तें असें. कर्जाच्या योजना, शिक्षणवर्ग, बाजाराच्या सोयी हीं सर्व, धंदे कोठें व किती, हें पाहून आंखलीं जातात. जें मोजलें जात नाहीं, त्याच्यासाठीं कांहीं आंखलेंहि जात नाहीं. त्यांतच कायद्याच्या पायऱ्या माणसांच्या संख्येवर बांधलेल्या: ग्रॅच्युइटीस सामान्यतः १० माणसें, प्रॉव्हिडंट फंडास २०. दोघीजणींच्या धंद्यास त्यांपैकीं कांहींच लागू नाहीं. निदान हिशेबांत तरी त्यांस जागा असावी. शिवाय लहान म्हणजे कायम लहानच, असेंहि नाहीं. १९५९ सालीं गिरगांवांत सात बायकांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतूनच उभ्या राहिलेल्या लिज्जत पापडाच्या संस्थेंत पुढें हजारों भगिनी भागीदार झाल्या. त्या पहिल्या दिवशीं त्या घराच्या दारांत कोणी गणक आला असता, तर त्यास काय उत्तर मिळालें असतें?

कराच्या भीतीनें पुष्कळजण उत्तर लपवितात. ही भीति समजण्यासारखी आहे. परंतु कौटिल्याचे हेर आतां नाहींत. सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या २००८ च्या कायद्यानें, घेतलेली माहिती सांख्यिकीच्या कामासच वापरावी, आणि माहिती देणारा ओळखूं येईल अशा रूपानें ती प्रसिद्ध करूं नये, असें बंधन घातलें आहे.

म्हणून वडीलधाऱ्या गृहस्थांस एवढीच विनंति कीं, पुढच्या वेळीं गणक दारीं येईल तेव्हां स्वतः उत्तर देण्यापूर्वीं एकदां स्वयंपाकघराकडे हांक मारावी. शिकवण्या घेणारी सून, शिवण शिवणारी बहीण, डबे देणारी वहिनी यांनाच पुढें बोलावून त्यांच्या तोंडून उत्तर द्यावें. आमच्या घरच्या जमाखर्चांत त्या रात्रीपासून एक नवें पान घातलें आहे. त्याच्या माथ्यावर ‘किरकोळ’ नव्हे, वहिनींचें नांव आहे. आणि तें पान आतां त्याच लिहितात.