चित्रात आपले घर

निसर्गचित्र काढावयास सांगितले की पाचवीत नव्याने दाखल झालेली बहुतेक मुले दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि नारळाचे झाड काढतात. लाखांदूर परिसरात धानाच्या बांध्या आहेत, तलाव आहेत, चुलबंद नदी आहे, कवेलूची घरे आहेत. त्यांपैकी काहीच कागदावर उतरत नाही. आम्ही मूळचे इतिहासाचे शिक्षक. परंतु काही वर्षे चित्रकलेचा तासही आमच्याकडे होता. एका विद्यार्थ्यास याचे कारण विचारले असता तो म्हणाला, "सर, आमचं घर चित्रात काढण्यासारखं नाही."

त्या दिवसापासून आम्ही मुलांना प्रत्यक्ष वास्तूसमोर बसवू लागलो. प्रथम क्षितिजरेषा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, निश्चित करावयाची. आपल्यापासून दूर जाणाऱ्या भिंतीच्या, या पातळीच्या वरच्या रेषा खाली उतरताना दिसतात, खालच्या रेषा वर चढताना दिसतात. एवढे उमगले की घर जमिनीवर स्थिर उभे राहते.

जलरंगात फिकटाकडून गडदाकडे जावे लागते. चुन्याच्या भिंतीचा पांढरेपणा रंगाने आणावयाचा नसतो. तेथे कागद कोरा राखावयाचा असतो. छपराचे प्रत्येक कवेलू काढण्याची गरज नाही. एक सपाट तांबूस छटा देऊन ती वाळल्यावर कडेची चारदोन कवेलू दाखविली की पुरते. दूरची झाडे फिकट निळसर ठेवली की घर पुढे येते.

नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप रंगविताना मुलांना छायेचा खरा धडा मिळतो. सांचीच्या धर्तीवरील हा स्तूप २००१ साली लोकार्पित झाला. भिंतीच्या कोपऱ्याशी सावलीची कड स्पष्ट असते. घुमटावर मात्र ती हळूहळू विरते. म्हणून घुमटाचा कागद आधी ओला करून छाया त्यात पसरू द्यावी.

इतिहासाच्या दृष्टीने अशा चित्रांचे मोल मोठे आहे. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची रेखाटने कॉलिन मॅकेन्झी यांनी १८१६ च्या सुमारास करवून घेतली. त्यांतील कित्येक शिल्पे पुढे नष्ट झाली. आज ती त्या रेखाटनांतूनच कळतात. आपल्या शेजारच्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आले. पण तो स्तूप उभा असताना कसा दिसे, याचे चित्र कोणाजवळ नाही. पवनीला नेल्यावर ही गोष्ट आम्ही मुलांना सांगतो आणि मग कागद काढावयास लावतो.

त्या विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुटीत अखेर आपले घर रंगविले: निळी भिंत, एका बाजूस वाकलेले छप्पर, दारात बसलेली आजी. पुढे घरकुल मंजूर झाले आणि ते घर पाडले गेले. घराचे एकही छायाचित्र कुटुंबाजवळ नव्हते. ते चित्र आता नव्या घराच्या भिंतीवर आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती एवढीच, की वस्तीतील जुने घर किंवा जुने विहार पाडण्यापूर्वी एखाद्या मुलास कागद, रंग आणि एक सकाळ द्यावी.