चार टीबीची डिस्क, चौसष्ट बाइटांचा तक्ता

एका वाचकाने जुन्या लॅपटॉपमधली ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क काढून ४ टीबीची एसएसडी बसवली. जुन्या डिस्कचा क्लोन बिनबोभाट झाला, लॅपटॉप झटकन सुरूही झाला. पण डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर शेवटचे १६७७ जीबी काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' पडून होते आणि तिथे काही केल्या नवा ड्राइव्ह तयार होईना. दुकानदार म्हणाला, "पीसच खराब असेल, बदलून घ्या." बदलावी का, असं वाचक विचारतात.

मुळीच नाही. डिस्क ठणठणीत आहे. खोक्यावर ४ टीबी आणि विंडोजमध्ये ३७२५ जीबी, यातही कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. खरा प्रश्न पत्त्याचा आहे.

डिस्कवरची माहिती ५१२ बाइटांच्या सेक्टरांत मोजली जाते आणि प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो. तो लिहायला किती जागा ठेवली आहे, यावर डिस्कचा किती भाग गाठता येणार हे ठरतं. आपला पिनकोडच बघा. सारख्या नावांची गावं, निरनिराळ्या लिप्या आणि न लागणारी अक्षरं यांतून पत्र नेमकं पोचावं म्हणून टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही सहा आकड्यांची पद्धत आखली. १५ ऑगस्ट १९७२पासून ती लागू झाली. वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे विद्वान आणि कवी. रोज कोट्यवधी लोक त्यांचं काम वापरतात आणि त्यांचं नाव फारच थोड्यांना ठाऊक असतं, याची मला खंत वाटते. त्यांच्या पद्धतीत सहाच चौकटी आहेत. सातवा आकडा लिहायला जागाच नाही.

डिस्कचंही तसंच. मार्च १९८३मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर डॉसची २.० आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर एमबीआर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात, ५१२ बाइटांत, हा सगळा संसार मावतो. त्यातला विभागांचा तक्ता फक्त ६४ बाइटांचा: चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांची. विभाग कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, हे लिहायला प्रत्येक नोंदीत चार-चार बाइट. चार बाइटांत ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक बसतात. त्याला ५१२ने गुणलं की २.२ टीबी, म्हणजे विंडोजच्या हिशेबात बरोबर २०४८ जीबी. त्यापुढचे सेक्टर आहेत, पण त्यांचा पत्ता लिहिता येत नाही.

त्या अभियंत्यांना कोत्या दृष्टीचे म्हणणं मला पटत नाही. एक्सटीची डिस्क होती १० एमबीची. त्यांनी जागा ठेवली तिच्या दोन लाख पटींहून अधिक.

या हद्दीपर्यंत डिस्का पोचण्याआधी आडवी आलेली एक मर्यादा याहून घातक होती. डिस्कशी बोलताना पत्त्याला २८ बिटच मिळत, म्हणजे १३७ जीबी. २००१च्या मूळ विंडोज एक्सपीला त्यापुढचं कळत नसे. अशा जुन्या यंत्रणेत मोठी डिस्क पूर्ण वापरायला गेलं, तर वरचे बिट गळून पडत आणि हद्दीपलीकडचा मजकूर थेट सेक्टर शून्यापासून लिहिला जाई. नवा फोटो साठवताना जुना तक्ताच पुसला जायचा!

या वाचकांच्या बाबतीत क्लोनने जुन्या डिस्कवरच्या मजकुराबरोबर तो ६४ बाइटांचा तक्ताही जसाच्या तसा आणला. 'एका क्लिकमध्ये अपग्रेड' अशी जाहिरात करणारे हे सांगत नाहीत, आणि ते सांगायलाच हवं.

उपाय जीपीटी, म्हणजे विभागांच्या तक्त्याची नवी पद्धत, जिथे पत्त्याला ६४ बिट आहेत. आधी बायॉसमध्ये यूईएफआय, म्हणजे संगणक सुरू करण्याची नवी पद्धत, आहे का ते पाहा. त्याशिवाय जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही. असेल, तर विंडोज १०च्या २०१७पासूनच्या आवृत्त्यांत 'एमबीआर२जीपीटी' ही आज्ञा आहे. ती आधी 'व्हॅलिडेट' जोडून चालवा. काही अडचण असेल तर कशालाही हात न लावता सांगते. रूपांतर झालं की बायॉसमध्ये लेगसीऐवजी यूईएफआय निवडा. नवी डिस्क पूर्ण दिसेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका, तोच तुमचा बॅकअप. आणि लॅपटॉपमध्ये यूईएफआय नसेलच, तर विंडोजसाठी २ टीबीपेक्षा मोठी डिस्क घेऊ नका.