चिठ्ठीवर ब्रँड लिहिलाय, मग जनऔषधीत गोळी मिळणार कशी?

आजचा भाग ऐकायचा राहिला असेल, तर हा घ्या लिहून.

आजीची बीपीची गोळी, बाबांची शुगरची गोळी ही महिन्याची ठरलेली खरेदी. हातावर पोट असलेल्या घरात पैसे कमी पडले की पहिली कात्री हिलाच लागते. तीस गोळ्यांऐवजी दहाच घ्यायच्या, नाहीतर एक दिवसाआड खायच्या. बीपी काही दुखत नाही ना, त्यामुळे चालूनही जातं. काही दिवस.

यावर सरकारी उपाय म्हणजे जनऔषधी केंद्र. योजना २००८ची. ब्रँडेड औषधापेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त, असं सरकार सांगतं. पण लोक तिथे चिठ्ठी घेऊन जातात आणि काउंटरवरून उत्तर येतं, "हे नाही आपल्याकडे."

गोम इथे आहे. चिठ्ठीवर असतं ब्रँडचं नाव. जनऔषधीत औषधं मिळतात ती मूळ नावानं: मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन वगैरे. आणि 'शेड्यूल एच'मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशी औषधं असतील, तर लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरं काही द्यायला दुकानदाराला नियमानं मनाई आहे. आतलं औषध तेच असलं तरी! (काही जण देतात, ती गोष्ट वेगळी.)

म्हणजे सगळं अडतं डॉक्टरांच्या पेनापाशी. तर त्यांनाच विचारा, "डॉक्टर, जेनेरिक नावानं लिहून द्याल का? जनऔषधीतून घेणार आहोत." यात लाजायचं काय? सोबत जुनी रिकामी पट्टी न्या. मूळ नाव आणि मिलिग्रॅम तिच्यावर छापलेले असतात.

'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दिसते. तरी निघण्याआधी केंद्रात फोन कराच. साठा नसेल तर बसचं भाडं फुकट जायचं.

फिट्सच्या, थायरॉइडच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बदलायच्या नाहीत. त्यांचा डोस काटेकोर लागतो, कंपनी बदलायची तरी डॉक्टरांना विचारून.

आणि हो, महाराष्ट्रात असाल तर अजून एक. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या तिथे मिळाल्या, तर जनऔषधीचीही पायरी चढायला नको. आधी तिथेच विचारून बघा.