तीन ग्रॅम शिसे, पण कुठे?

टेनिसची रॅकेट घेताना आपण फ्रेमवर छापलेले वजन पाहतो. २८० ग्रॅम म्हणजे हलकी, ३१५ म्हणजे जड, असा निकाल देऊन मोकळे होतो. माझे म्हणणे असे, की हा आकडा रॅकेटविषयी फार थोडे सांगतो. किती वजन आहे याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते कुठे आहे याला महत्त्व आहे. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाशी धरली आणि तीच पात्याजवळ धरली, तर वजन तेच राहूनही फिरवायला लागणारा जोर बदलतो. रॅकेटच्या या गुणाला खेळाडू स्विंगवेट म्हणतात, पदार्थविज्ञानात ते जडत्व आघूर्ण. मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर आस धरून ते मोजतात आणि त्यात अंतराचा वर्ग येतो. सगळी गंमत त्या वर्गातच आहे. साडेअडुसष्ट सेंटिमीटर लांबीच्या रॅकेटच्या शेंड्यावर ३ ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवली, तर स्विंगवेट सुमारे १० एककांनी वाढते. तीच पट्टी डोक्याच्या दोन बाजूंना विभागली, तर पाच-साडेपाच एककांनी. आणि मुठीत, नेमकी त्या आसेपाशी लावली, तर जवळजवळ शून्य. तराजू तिन्ही वेळा तेच वजन दाखवतो. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच रॅकेटांचे स्विंगवेट तारांसह ३१० ते ३३०च्या आसपास असते, हे लक्षात घेतले की १० एकके हा लहान फरक नाही, हे पटेल.

हातालाही हे कळते, याला पुरावा आहे. सिडनीचे पदार्थवैज्ञानिक रॉड क्रॉस आणि त्यांचे सहकारी रॉब बॉवर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना वजन भरलेले दांडे फिरवायला दिले. काही दांड्यांचे वजन सारखे पण स्विंगवेट वेगळे होते, काहींचे स्विंगवेट सारखे पण वजन वेगळे. फिरवण्याचा वेग स्विंगवेटप्रमाणे बदलला, नुसत्या वजनाने जवळजवळ बदलला नाही. म्हणजे 'हलकी रॅकेट वेगाने फिरते' हे दुकानातले वाक्य अर्धेच खरे आहे. डोक्याकडे भार असलेली २७० ग्रॅमची रॅकेट मुठीकडे भार असलेल्या ३१० ग्रॅमच्या रॅकेटपेक्षा हाताला जड जाऊ शकते. उलट बाजूही तितकीच खरी: फिरवण्याचा वेग कायम राखता आला, तर जास्त स्विंगवेटची रॅकेट चेंडूला अधिक वेग देते आणि समोरून आलेल्या जोरदार फटक्यापुढे कमी डगमगते. ताकद आणि चपळाई यांचा हा सौदा प्रत्येक खेळाडूला आपापल्या खांद्याच्या कुवतीप्रमाणे करावा लागतो. कारखान्याला तो सर्वांसाठी एकदम करता येत नाही.

म्हणूनच रॅकेट खेळाडूप्रमाणे जुळवून देण्याची कारागिरी जन्माला आली. अमेरिकेतल्या वॉरन बॉसवर्थ यांनी इव्हान लेंडल आणि मार्टिना नवरातिलोवा यांच्यासारख्या खेळाडूंच्या रॅकेटा तोलून-मापून एकसारख्या करून देण्याचा व्यवसाय उभा केला. पुढे पीट सॅम्प्रसचे गटिंग, म्हणजे तारा बसवण्याचे काम, सांभाळणाऱ्या नेट फर्ग्युसन यांनी 'प्रायॉरिटी वन' ही कंपनी काढली, आणि रॉजर फेडररच्या रॅकेटाही तिथेच तयार होऊ लागल्या. सॅम्प्रसची ८५ चौरस इंच डोक्याची विल्सन प्रो स्टाफ शिशाच्या पट्ट्यांमुळे तारांसह ३८० ग्रॅमच्या पुढे जाई. एवढी जड रॅकेट तो चालवू शकला, कारण वाढवलेला भार त्याच्या सर्व्हिसच्या सहज, लांब फेकीला साजेसा होता. दुसऱ्या कुणी तिची नक्कल केली असती, तर दुसऱ्या सेटपर्यंत त्याचा खांदा बोलू लागला असता. या कारागिरांचे मोठे काम मात्र भार वाढवण्याचे नाही, रॅकेटा जुळवण्याचे आहे. एकाच मॉडेलच्या दोन फ्रेममध्ये पाच-सात ग्रॅमचा आणि तितक्याच मिलिमीटर तोलाचा फरक सर्रास सापडतो. सामन्यात तार तुटली आणि हातात आलेली दुसरी रॅकेट वेगळी निघाली, तर खेळाडूने वर्षानुवर्षे घोटलेला टायमिंगचा अंदाज नेमक्या कसोटीच्या क्षणी चुकतो. म्हणून कारागीर सर्वांत जड फ्रेम प्रमाण धरतो आणि बाकीच्यांना तिच्यापर्यंत आणतो: मुठीत सिलिकॉन, डोक्याला शिसे, कधी सिंथेटिक ग्रिपच्या जागी जड चामडी ग्रिप. फ्रेममध्ये भार घालता येतो, काढता येत नाही. त्यामुळे बदल करायचेच असतील, तर मुळात थोडी हलकी रॅकेट घेणे शहाणपणाचे.

असा भार जोडणे नियमांत बसते का, असे काही जण विचारतात. बसते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत रॅकेटची लांबी ७३.७ सेंटिमीटरला बांधलेली आहे, वजनाला मर्यादाच नाही, आणि भार विभागण्यासाठी फ्रेमला वस्तू जोडण्याची मुभा स्पष्ट दिली आहे. मनाई आहे ती गुण चालू असताना स्विंगवेट बदलू शकणाऱ्या यंत्रणेला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भार वाढवला की कोपर दुखणार. पण फार हलकी आणि ताठ फ्रेम चेंडू आदळताच जास्त मागे रेटली जाते, जास्त पिळवटते, आणि तो हिसका हाताकडे येतो. योग्य जागी वाढवलेला भार तो हिसका कमी करतो. धोका आहे तो एकदम दहा ग्रॅम डोक्यावर चढवण्यात, कारण तिथे खांदा आणि मनगट किंमत मोजतात. एकेक ग्रॅम वाढवावा आणि काही दिवस खेळून मगच पुढे जावे. शिसे विषारी आहे, तेव्हा पट्टीवर आवरण हवे, लावल्यावर हात धुवावेत, आणि घरात लहान मुले असतील तर टंगस्टनची पट्टी बरी.

तिसरा आक्षेप क्लबात हटकून ऐकू येतो: आपल्यासारख्यांना हे कशाला, आधी बॅकहँड सुधारा. बॅकहँड सुधारायलाच हवा, पट्टीने तो सुधारत नाही. पण दर खेपेला वेगळी वागणारी दोन हत्यारे आलटून-पालटून वापरत तो घोटणे अधिक कठीण जाते, आणि यावर उपाय महाग नाही. पुढच्या वेळी गटिंगला रॅकेटा देण्याआधी दोन्ही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. मग प्रत्येक रॅकेट गोल पेन्सिलीवर आडवी तोलून मुठीच्या टोकापासून तोलबिंदूचे अंतर मोजा. दोन्ही आकडे जुळले, तरी स्विंगवेट जुळेलच असे नाही, पण मोठी तफावत तिथेच उघड होईल. ती दिसली, तर आधी तेवढी मिटवा. शेंड्यावर शिसे चढवण्याचा विचार त्यानंतर करा.