लांब पल्ल्याची मोटारसायकल : ट्रायल कशी घ्यावी?

अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग 161 रुंद झाल्यापासून आपल्या भागातील तरुण व्यापाऱ्यांत लांब पल्ल्याच्या, म्हणजे टूरिंग मोटारसायकलींची चर्चा वाढली आहे. कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगावचे आठवडी बाजार करणारे विचारतात की, जुनी गाडी मोडून मोठी घ्यावी काय? याचे उत्तर ट्रायलमध्ये मिळते, पण ट्रायल व्यापाऱ्याच्या नजरेने घेतली तरच.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरून कोरडे दिसणारे धान्य आत ओले निघाले, ही हदीस आपल्या सर्वांना माहीत आहे. त्यात विकणाऱ्याला ताकीद आहे, तसा घेणाऱ्यालाही धडा आहे. आपण कापड घेताना ताग्याची वरची घडी पाहून थांबत नाही, आतली घडी उघडतो. गाडीचेही तसेच आहे.

उदाहरणादाखल दोन गाड्या घेऊ. 1994 साली आलेली स्प्लेंडर आपल्याकडे बहुतेक दुकानांसमोर उभी असते. इंजिन 97.2 सीसी, ताकद सुमारे 8 अश्वशक्ती, वजन सुमारे 112 किलो. दुसरी, पुण्याजवळच्या चाकणला तयार होणारी, डिसेंबर 2016 मध्ये बाजारात आलेली बजाज डोमिनार 400. इंजिन 373 सीसी, ताकद सुमारे 40 अश्वशक्ती, वजन सुमारे 190 किलो. ताकद पाचपट, वजन पावणेदोन पट.

मी ट्रायलला गेलो तेव्हा स्वतःची गाडी सोबत नेली आणि दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकापाठोपाठ चालवल्या. महामार्गावर मोठ्या गाडीचा मोठेपणा मान्य करावा लागतो. ताशी 80 च्या वेगाला लहान इंजिन शेवटच्या जोरावर असते, हँडल थरथरते. मोठे इंजिन त्याच वेगात निवांत असते. ट्रक ओलांडताना जोर शिल्लक राहतो आणि एबीएसमुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. जिवाच्या सुरक्षिततेची ही बाब क्षुल्लक नव्हे.

परंतु बाजाराच्या गल्लीत हिशेब उलटतो. तेथे चालण्याच्या वेगाने जावे लागते, वारंवार क्लच दाबावा लागतो आणि रेडिएटरची गरम हवा पायांवर येते. गाडी बंद करून मागे ढकलावी लागली की 190 किलो म्हणजे काय ते कळते. म्हणून ट्रायलमध्ये पाच गोष्टी अवश्य कराव्यात : गाडी ढकलून मागे घ्यावी, अरुंद जागेत वळवावी, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का ते पाहावे, खराब रस्त्यावर न्यावी, आणि परवानगी घेऊन मागे कपड्याची गठडी बांधून चालवावी. ओझे मागच्या चाकाच्याही मागे गेले की पुढचे चाक हलके पडते. रिकाम्या गाडीवर हा दोष दिसत नाही.

आता खर्च. महिन्याला 1,500 किलोमीटर फिरणे धरा. लहान गाडी लिटरला 60 देत असेल तर 25 लिटर, मोठी 30 देत असेल तर 50 लिटर पेट्रोल लागते. लिटरला 105 रुपये धरले तर महिन्याला 2,625 रुपयांचा फरक पडतो. मोठी टाकी म्हणजे मोठा पल्ला, हाही गैरसमज आहे. याच हिशेबाने 13 लिटरची टाकी 390 किलोमीटर नेते आणि स्प्लेंडरची 9.8 लिटरची टाकी 588. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी 18 टक्के, तर त्यावरच्या गाडीवर 40 टक्के झाला आहे. टायर, चेन, ऑईल यांचा खर्चही शोरूममध्येच विचारून लिहून घ्यावा.

सर्वांत मोठा प्रश्न हप्त्यांचा. ट्रायलहून उतरताच विक्रेता कर्जाचा फॉर्म पुढे करतो. दहा मिनिटांच्या आनंदासाठी तीन-चार वर्षे व्याज भरणे म्हणजे दीन आणि दुकान दोन्हीचे नुकसान. शोरूममध्ये सही करून येऊ नये. घरी यावे, वहीत जमाखर्च मांडावा, दोन दिवस जाऊ द्यावेत. रोख रक्कम साठली नसेल तर थांबावे.

एक शिष्टाचारही पाळावा. घ्यायचीच नसेल तर केवळ हौसेखातर ट्रायल मागू नये. चाळीस साड्या उघडायला लावून उठून जाणारे गिऱ्हाईक आपल्याला कसे वाटते, हे आपण जाणतो. परक्याची गाडी ही अमानत आहे. हेल्मेट व लायसन्ससह बसावे आणि नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, हे आधी विचारावे.

ज्याचा धंदा महिन्यातून अनेकदा दूरच्या शहरांत ऑर्डर घेत फिरण्याचा आहे, माल ट्रान्सपोर्टने येतो आणि पैसा हाती आहे, त्याला मोठी गाडी उपयोगी पडेल. ज्याची रोजी आठवडी बाजारात आणि पाठीमागच्या गठडीवर आहे, त्याने लहान गाडीच नीट राखावी किंवा फार तर 125 सीसीची पाहावी. गाडी धंद्याच्या मापाने घ्यावी, शेजाऱ्याच्या मापाने नव्हे.